धागा: १८ फुटी स्पीडबोटचं वजन उतरवून टॉप स्पीड वाढवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तापीकाठचा_नंदुरबार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १८ फुटी फायबरची स्पीडबोट आहे. तळ व्ही आकाराचा, मागे बाहेरच्या बाजूला लटकवलेलं ९० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. चार वर्षांपूर्वी मुंबईकडून सेकंड हँड आणली आणि तापीवरच्या उकाई धरणाच्या बॅकवॉटरला चालवतो. परवानगीचे कागद आहेत, कोणी काळजी करू नये.

आणली तेव्हा जीपीएसवर ताशी ५८ किमी सहज दाखवायची, आरपीएम ५४०० च्या आसपास. गेल्या दिवाळीपासून ५१ च्या वर जायला तयार नाही आणि फुल थ्रॉटलला आरपीएम ४९०० वरच अडकतात. इंजिनची सर्व्हिस झाली, प्लग नवे टाकले, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे. प्रोपेलर तोच, १७ पिचचा (एका फेऱ्यात कागदावर १७ इंच पुढे नेणारा) अ‍ॅल्युमिनियमचा, कुठे वाकलेला नाही.

म्हणून आता वजन उतरवायचं ठरवलंय. यादी अशी: मागचं बाकडं काढणे, लेड-अ‍ॅसिडच्या जागी लिथियम बॅटरी, हलका अँकर, पुढची कपाटाची झाकणं काढणे. यातून काय काय करावं? मला ६० पार करायची आहे. हौस म्हणा, पण पहाटे सपाट पाण्यावर ही बोट उठते तेव्हा जे वाटतं ते मला परत हवंय.

केळीबाग_रावेर

दादा, बॅटरीचा हिशोब आधी करा. तुमची बॅटरी २४ किलोची असेल तर लिथियमची १२ ची येईल. १२ किलोसाठी एवढे पैसे? शिवाय ती तुमच्या इंजिनच्या चार्जिंगला आणि स्टार्टरच्या ओढीला चालते का, ते पुस्तिकेत बघावं लागेल. त्यापेक्षा टाकीत पेट्रोल कमी भरा. पेट्रोलचा लिटर साधारण पाऊण किलो. ७० लिटरऐवजी ३० लिटर घेऊन गेलात तर ३० किलो फुकटात उतरले.

इंजिनरूम_भुसावळ

नौदलात इंजिनांवर आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीसाठी क्राउचचं सूत्र वापरतात. वजन पौंडात घ्यायचं, त्याला एचपीने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि बोटीच्या जातीप्रमाणे ठरणाऱ्या आकड्याला त्याने भागायचं. उत्तर ताशी मैलात येतं. साध्या बोटींना तो आकडा १५० धरतात, हलक्या वेगवान बोटींना १८०-१९०, शर्यतीच्या बोटींना त्याहून जास्त. यातलं लक्षात ठेवायचं ते वर्गमूळ. वजन १० टक्के उतरलं तर वेग ५ टक्क्यांच्या आसपास वाढतो.

आता तुमची यादी बघा. बाकडं, बॅटरी, अँकर, झाकणं मिळून फार तर ४० किलो होतील. हजार किलोच्या बोटीत ते ४ टक्के. वेग वाढेल २ टक्के, म्हणजे एक किलोमीटर. तुमचे गेलेत सात. हे सात किलोमीटर बाकड्याने खाल्लेले नाहीत. बाकडं तर ५८ च्या वेळीही होतंच ना?

माझा प्रश्न एकच: बोटीचं आजचं वजन किती? पुस्तकातलं नको, आजचं सांगा.

प्रॉप_धुळे

काकांचं गणित बरोबर आहे, पण आरपीएम ४९०० म्हणजे इंजिन गुदमरतंय. या वर्गातल्या इंजिनांना फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० मिळायला हवेत. सरळ १५ पिचचा प्रोपेलर लावा. एक इंच पिच कमी केली की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. दोन इंचांत तुम्ही परत रेंजमध्ये.

इंजिनरूम_भुसावळ

@प्रॉप_धुळे, आरपीएम वाढतील, इंजिनचा जीवही वाचेल, हे मान्य. पण आजार तसाच राहील. बैलगाडी जड झाली म्हणून बैल बदलायचा, की गाडीत काय भरलंय ते बघायचं? हाच प्रोपेलर याच बोटीवर ५४०० फिरत होता. मधे काहीतरी बदललंय.

स्लिप, म्हणजे कागदावरच्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती टक्के कमी पडतो, तीही मोजून घ्या. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे), भागिले ६५६, म्हणजे कागदावरचा वेग किलोमीटरमध्ये. गिअर रेशो २.०७ धरला तर ४९०० ला ६१ येतात. प्रत्यक्ष ५१, म्हणजे १७ टक्के स्लिप. ५४०० ला ६७-६८ येतात आणि प्रत्यक्ष ५८ होते, म्हणजे १४ टक्के. स्लिप वाढणं आणि आरपीएम पडणं एकदम झालंय. बोट जड झाली की असंच होतं. नाहीतर तळ खराब झालाय.

अहिरानी_बोल

भाऊ, इतला इचार करापेक्षा बोट काटावर ने. आपला गावमा कापूसनी गाडी मोजतस, तशी बोट बी मोज. आकडा हातमा उना म्हणजे भांडण मिटनं.

तापीकाठचा_नंदुरबार

@अहिरानी_बोल, तुमचं ऐकलं. आज सकाळी ट्रेलरसकट मिरची बाजाराजवळच्या भुईकाट्यावर नेली. काटेवाला आधी समजला मासळीची गाडी आहे. पुढे ट्रॅक्टर होता तो सोडून फक्त ट्रेलर काट्यावर घेतला: १६४० किलो. मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर परत आणला: ४३०. म्हणजे बोट १२१० किलो. काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढी चूक धरा.

आता कागदावरचं. बांधणीच्या पुस्तिकेत नुसती बोट ६२०, इंजिन १६५, पेट्रोल ५२, बॅटरी २४, जॅकेट-अँकर-दोर-गाद्या ४५. एकूण ९०६.

तीनशे किलो जास्त आहेत. तीन वेळा बेरीज केली. बोटीत बघितलं तर काहीच नाही, तळात पाणी नाही, पाणी सोडायचा तळाचा प्लग काढला तर चार थेंब आले. हे तीनशे किलो आहेत कुठे?

फायबर_एमआयडीसी

फ्लोअरखाली.

जळगावला फायबरच्या टाक्या, शेड आणि अधूनमधून मासेमारीच्या होड्या करतो, त्यामुळे हा रोग ओळखीचा आहे. तुमच्या फ्लोअर आणि तळाच्या मधे पिवळा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतलेला असणार. बोट बुडू नये म्हणून तो असतो. नवा असताना तो पाणी पीत नाही. एक घनमीटरचं वजन ३०-३२ किलो, हातात घेतला तर कापसासारखा. पण लाटांवर आपटून आपटून त्याच्या पेशी फुटतात, आणि सीटच्या स्क्रूच्या भोकांतून, फ्लोअरच्या कडांतून पावसाचं पाणी झिरपत राहतं. पाणी जायची वाट पानं-मातीने बुजलेली असते. मग फोम स्पंज होतो. प्लग काढून चार थेंब येतात, कारण पाणी मोकळं नाहीच, फोमने धरून ठेवलेलं आहे.

एक विचारतो: पावसाळ्यात बोट कुठे असते? ट्रेलरचं नाक खाली आणि वर फाटकं कव्हर, असंच ना?

तपासायचं असं: मागच्या बाजूला, मधल्या रेषेजवळ, फ्लोअरला दोन इंची होल-सॉने भोक पाडा. खाली पेट्रोलची टाकी किंवा वायर नाही याची आधी खात्री करा. ड्रिल तळापर्यंत जाऊ देऊ नका, डेप्थला टेप लावा. फोमचा तुकडा काढून मुठीत दाबा. हातोडीच्या दांड्याने ट्रान्समही (इंजिन लटकतं ती मागची भिंत) वाजवून बघा. टणटण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आतलं प्लायवूड कुजलंय आणि मग वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी ते करा, कारण १६५ किलोचं इंजिन त्याच फळीवर लटकलंय.

सातपुडा_सिस्टर

हा धागा सुरुवातीपासून वाचतेय. नर्मदाकाठच्या गावांमध्ये आरोग्याच्या कामावर आहे. सरदार सरोवराचं पाणी भरल्यापासून अक्कलकुवा-धडगावच्या कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता आहे. तरंगता दवाखानाही आहे आणि बोट अँब्युलन्सही.

मला वेगाचं फारसं कळत नाही, पण फायबरदादा म्हणतात ते भीतीदायक आहे. बोटीच्या पोटात तीनशे किलो पाणी म्हणजे चार-पाच माणसं आधीच बसलेली, आणि ती कोणाला दिसत नाहीत. वर नेहमीएवढी माणसं घेतली तर बोट किती खाली जाईल? २०१९ च्या संक्रांतीला भुषा पॉइंटला नाव उलटली, त्यात जीव गेले. जास्त माणसं भरली होती. तो दिवस आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही.

जुन्या बोटी वर्षातून एकदा काट्यावर न्याव्यात, असं कुठे लिहिलेलं असतं का?

इंजिनरूम_भुसावळ

ताई, अगदी योग्य प्रश्न. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात इंजिनच्या बोटींना नोंदणी आणि तपासणी आहे. पण काट्याचं म्हणाल तर कोणी सांगायची वाट कशाला बघायची? आणखी सोपा उपाय सांगतो. बोट नवी असताना, रिकामी, शांत पाण्यात उभी करून दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेवर रंगाची खूण करा. दर पावसाळ्यानंतर रिकामी बोट त्या खुणेशी लावून बघा. खूण पाण्याखाली गेली की समजायचं, पोटात काहीतरी साचलंय. काटा लागत नाही, खर्च नाही. नावाड्यालाही दाखवता येतं.

सातपुडा_सिस्टर

हे सोमवारीच सांगते आमच्याकडे. मनापासून धन्यवाद काका.

हतनूर_पक्षीमित्र

एक विनंती. तुमच्यातले काही जण बोटी हतनूर धरणावर आणायचं म्हणत होते, दुसऱ्या एका धाग्यावर. तापी-पूर्णेच्या संगमाकडचं उथळ पाणी हिवाळ्यात चक्रवाक आणि बदकांनी भरलेलं असतं. गाळही एवढा साचलाय की तुमचा प्रोपेलर कधी रुतेल सांगता येत नाही. तिथे साठ किमीने बोट नेऊ नका. कळवळून सांगतोय.

तापीकाठचा_नंदुरबार

@हतनूर_पक्षीमित्र, शब्द देतो, हतनूरला नाही येणार. आमच्याकडेही मच्छीमारांची जाळी कुठे लागलीत ते आदल्या संध्याकाळी विचारूनच निघतो.

वाघूर_वाचक

धरणाच्या पाण्यावरून आठवलं. पाण्यावरचा वेगाचा जागतिक विक्रमसुद्धा धरणातच झालाय. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने सिडनीत घराच्या परसात बोट बांधली, लिलावातलं जुनं जेट इंजिन बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोवरिंग धरणाच्या पाण्यावर ताशी ५११ किमी वेग गाठला. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

त्याआधी ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमध्ये कोनिस्टन तलावावर डोनाल्ड कॅम्पबेलच्या बोटीचं नाक परतीच्या फेरीत हवेत उचललं गेलं, बोट उलटली आणि तो गेला. धागाकर्त्याला म्हणून सांगतो: पुढची झाकणं, अँकर, सगळं पुढचंच वजन काढू नका. वजन किती याबरोबर ते कुठे आहे हेही बघा.

इंजिनरूम_भुसावळ

@वाघूर_वाचक, नेमकं बोललात. मागे वजन सरकलं की नाक उचलतं, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो आणि वेग वाढतो. पण मर्यादेबाहेर गेलं की बोट डॉल्फिनसारखी उड्या मारायला लागते, नाक वर-खाली, वर-खाली. तसं झालं तर ट्रिम आत घ्यायचा, म्हणजे इंजिन बोटीकडे झुकवायचं. आणि किल स्विचची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) कायम अंगाला बांधलेली पाहिजे. एकटे असाल तरी, पाच मिनिटांसाठी गेलात तरी.

तापीकाठचा_नंदुरबार

भोक पाडलं.

होल-सॉ बाहेर काढला तसं भोकात पाणी चढलं. डोळ्यांदेखत, विहिरीला पाझर फुटावा तसं. फोमचा तुकडा काळपट, तळहातावर ठेवला तर ओल्या विटेसारखा जड. मुठीत दाबला आणि मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं. वास कुजक्या पानांचा. वडील शेजारी उभे होते, ते म्हणाले, "चार वर्षं तू पाणी घेऊन पाण्यात फिरतोयस."

ट्रान्सम मात्र टणटणीत वाजतंय. देवाची कृपा.

@फायबर_एमआयडीसी, हा फोम उन्हात सुकवता येईल का? आमच्याकडे ४३ डिग्री चालू आहे.

फायबर_एमआयडीसी

नाही सुकणार. फ्लोअर महिनाभर उघडं ठेवलंत तरी वरचे दोन बोटं सुकतील, आत तसाच. काढावाच लागेल.

फ्लोअर कडेपासून तीन-चार इंच सोडून आतून कापा, म्हणजे तोच तुकडा परत बसवता येतो. फोम खुरप्याने, फावड्याने काढा, पण तळाच्या फायबरला खुरपं लागू देऊ नका. आतल्या उभ्या पट्ट्यांचं लाकूड सुईने टोचून बघा. पाणी जायची भोकं मोकळी करा. मग आठवडाभर सुकू द्या.

पुढचं महत्त्वाचं. हलकी होते म्हणून पोकळी रिकामी ठेवू नका. बोटीत पाणी शिरलं तर तोच फोम तिला वर धरतो. आणि थर्माकोल भरू नका. स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण भरतात, पण पेट्रोलचा थेंब लागला की विरघळतो, पॉलिस्टर रेझिननेही (फायबरकामात वापरतात तो चिकट द्रव) विरघळतो. दोन भागांचा पीयू फोमच घ्या, थराथराने ओता, एकदम ओतला तर फुगून फ्लोअर उचलेल. सगळ्यात खाली पाणी वाहायला पाइप किंवा पन्हळ सोडा. मूळ बोटीत तीच नव्हती.

रेझिनचं काम पहाटे पाच ते आठ. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी भांड्यातलं रेझिन बघता बघता तापून घट्ट होतं. हार्डनर एक टक्क्याच्या जवळ ठेवा. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नका, एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घासताना पूर्ण बाह्या आणि मास्क.

केळीबाग_रावेर

४३ डिग्रीवरून: बोटीची चाचणी दुपारी घेताय का पहाटे? गरम हवा विरळ असते. २५ डिग्रीच्या तुलनेत ४३ ला हवा ५-६ टक्के कमी दाट, इंजिनची ताकदही जवळपास तेवढी कमी. आधीची आणि नंतरची चाचणी एकाच वेळेला घ्या, नाहीतर आकडे फसवतील.

दुसरं, पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालतं असं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी जास्त झालं की टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. बोट महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, फिल्टरच्या वाटीत पाणी दिसतंय का बघा, जुने रबरी होस बदला.

प्रॉप_धुळे

काका, वजनाच्या बाबतीत तुम्ही बरोबर ठरलात, मी मानतो. आता बोट हलकी झाल्यावर तिला स्टीलचा प्रोपेलर लावावा का? अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड असतो, पण पाती पातळ आणि वाकत नाहीत, त्यामुळे वेग वाढतो. वजन वाढून वेग वाढवणारी ही एक गोष्ट.

इंजिनरूम_भुसावळ

खुल्या पाण्यात मीही स्टीलच म्हणालो असतो. उकाईच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकून धक्का स्वतः खातं. स्टीलचं पातं तो धक्का गिअरबॉक्सला देतं. तिथे माझं मत अ‍ॅल्युमिनियमला.

फ्लोअर उघडलंच आहे तर बोट उचलून तळही बघा. दीड मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ट्रान्समपासून पुढे, तळाला लावून धरा. पट्टीखाली मधे उजेड दिसला तर तळ खोलगट झालाय. दोन-तीन मिलिमीटरही पुष्कळ होतात, पाणी नाक खाली दाबतं. ट्रेलरचे आधार ट्रान्समपर्यंत पोचत नसतील तर जड बोट तिथे बाक धरते.

तापीकाठचा_नंदुरबार

सव्वा महिन्याने लिहितोय. पहिल्या पावसाआधी काम संपवलं.

एकूण ११ गोण्या फोम निघाला. शेतातल्या काट्यावर एकेक मोजली: २९० किलो. नवा फोम, फ्लोअरचे जोड, रेझिन, जाळी मिळून साधारण २५ किलो आत गेले. भुईकाट्यावर परत नेली, पेट्रोल तेवढंच भरून: ट्रेलरसकट १३७५ च्या आसपास, काटा १३७० आणि १३८० च्या मधे नाचत होता. म्हणजे बोट ९४५.

पहिली चाचणी पहाटे साडेपाचला, वारा नाही. मे महिन्यातली ५१ ची चाचणीही पहाटेचीच होती. ५७ किमी, आरपीएम ५३५०. बाकडं, बॅटरी, अँकर सगळं जागेवर.

मग तळाला पट्टी लावली. डाव्या बाजूला अडीच मिलिमीटरचा खोलगटपणा होता, ट्रेलरचा आधार बरोबर तिथेच संपत होता. फायबरदादांनी फोनवर सांगितलं तसं इपॉक्सी फिलर भरून घासलं, आधार मागे वाढवला. इंजिन ट्रान्समवर बोल्टच्या एका भोकाएवढं वर घेतलं, साधारण १९ मिलिमीटर. मागून येणारी थंड पाण्याची धार नीट आहे, वळणावरही तुटत नाही.

काल ६१. आरपीएम ५५५०. वडील किनाऱ्यावरून टॉर्च हलवत होते.

इंजिनरूम_भुसावळ

स्लिप १२ टक्क्यांवर आली. फार छान. मी फोमचं वजन उतरल्यावर ५७.७ धरले होते, तुम्हाला ५७ मिळाले. आता इंजिन आणखी वर घेऊ नका.

अहिरानी_बोल

काटानी गोट कोनी सांगी व्हती? भरीत आनि कळन्यानी भाकर उधार ऱ्हायनी भाऊ.

तापीकाठचा_नंदुरबार

पक्की. वांगी निघाली की बोलावतो, सगळ्यांना.

सातपुडा_सिस्टर

आमच्या दोन जुन्या बोटी रिकाम्या करून शांत पाण्यात उभ्या केल्या. एकीची जुनी रंगाची रेष चार बोटं पाण्याखाली आहे. फायबरदादा, तुम्ही या आठवड्यात धडगावला येऊ शकाल का? जायची-यायची सोय मी करते.

फायबर_एमआयडीसी

ताई, शनिवारी निघतो. होल-सॉ घेऊन येतो. तोपर्यंत त्या बोटीत कोणाला बसवू नका.